लोरेतोहून डोंगरात: सान हाविएरचं चर्च

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात लोरेतोला बरेच जण देवमासे बघायला जातात. तुम्ही एक दिवस समुद्राकडे पाठ फिरवा आणि सिएरा दे ला हिगांताच्या डोंगरात शिरा. सुमारे ३५ किलोमीटरवर सान हाविएर हे इवलंसं गाव आहे.

गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे ओल्ड गोव्याच्या बॉम जीझसमध्ये ज्यांचं पार्थिव आहे तेच. ते स्वतः अमेरिकेत कधी गेले नाहीत, जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मोपदेशकांनी त्यांचं नाव इथवर आणलं. ३ डिसेंबरला गोव्यात फेस्त असतं, त्याच दिवशी इथेही डोंगरातून भाविक येतात. गोवा पाहिलेल्या माणसाला हे कळल्यावर भरून येतं.

लोरेतोतून निघून महामार्ग १ वर थोडं दक्षिणेला गेलं की उजवीकडे फाटा लागतो. रस्ता डांबरी आहे, पण ओढे ओलांडत जातो. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा मोसम, त्यात रस्ता वाहून जातो. त्यामुळे निघण्याआधी लोरेतोत चौकशी कराच, आणि जमल्यास उंच गाडी घ्या. पेट्रोल, पिण्याचं पाणी आणि रोख पेसो तिथूनच सोबत घ्या. सकाळी लवकर निघा. अंधारात या घाटात गाडी घालू नका, गुरं रस्त्यावर असतात.

इथलं मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं, १६९९ मध्ये जेझुइट फ्रान्सिस्को मारिया पिक्कोलो यांनी सुरू केलं, पण दुसऱ्या जागी. तिथे पाणी पुरेना, म्हणून ते पुढे इथे हलवलं. चर्चची आजची दगडी इमारत जेझुइट मिगेल देल बार्को यांच्या देखरेखीखाली १७४४ ते १७५८ या काळात उभी राहिली. आत मेक्सिको सिटीहून आणलेली सोनेरी वेदी आहे. या उघड्या डोंगरांतून ती इथवर कशी आणली असेल, या विचाराने मी बराच वेळ बाकावरून उठलो नाही.

फोटो काढून लगेच परतू नका. चर्चच्या मागे चालत जा. तिथे दगडी पाट आहेत, शेतं आहेत आणि मिशनच्या काळातलं एक जुनं, पिळदार खोडाचं ऑलिव्हचं झाड आहे. हे पाणी नसतं तर चर्चही नसतं. हे सगळं ज्यांच्या कष्टावर उभं राहिलं ते मूळचे कोचिमी लोक मात्र बाहेरून आलेल्या रोगांनी खचत गेले. १८१७ पर्यंत मिशन ओस पडलं. माझ्या मते वेदीइतकाच वेळ या पाटांना द्यायला हवा.

चर्च आजही पूजेचं ठिकाण आहे. खांदे झाकलेले कपडे घाला, मिस्सा चालू असेल तर मागे उभे राहा. अर्धा दिवस पुरतो. फेस्ताला जायचं असेल तर लोरेतोतली खोली खूप आधी ठरवा आणि गाडी गावाबाहेरच लावायच्या तयारीने जा.