अर्जदार जागेवर आढळला नाही

हे वाक्य माझ्याबद्दल आहे. टाइप केलेलं, खाली सही, सहीवर शिक्का. ज्या दिवसाबद्दल ते लिहिलंय त्या दिवशी मी सकाळी साडेनऊपासून दुपारी एकपर्यंत स्वतःच्या प्लॉटवर उभा होतो. थर्मासमध्ये साहेबांसाठी चहा, पिशवीत पार्लेचे दोन पुडे आणि बगलेत फाईल. उन्हं वर आली तशी बाभळीच्या सावलीबरोबर मीही सरकत होतो, पण प्लॉट काही सोडला नाही.

प्लॉट नाशिक रोडजवळ विहितगावच्या बाजूला, रेल्वे लाइनीला लागून. आजोबांनी १९४१ साली घेतलेला. आम्हा दोघा भावांना तिथे घर बांधायचं होतं. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचं असेल तर रेल्वेची एनओसी लागते, हे आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत सांगितलं. (हद्दीपासून ३० मीटर, रुळापासून नव्हे. मी टेप घेऊन रुळापासून अंदाज बांधत बसलो होतो आणि 'आपण सुटलो' म्हणून घरी सांगूनही टाकलं होतं.) सातबारा, मोजणी, क प्रत, नकाशे हे सगळं महिना-दीड महिन्यात झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मोजणीवाला तर सांगितलेल्या दिवशी आला, आता बोला.

गाडी अडली ती रेल्वेच्या अर्जात. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, मला अजून तिथे एकदा जायचंय. अर्जात सातवा रकाना : 'रेल्वे किलोमीटर क्रमांक, पासून – पर्यंत'. बाकी सगळे रकाने मी दहा मिनिटांत भरले. सातवा कोरा ठेवला, म्हटलं रेल्वे त्यांची, किलोमीटर त्यांचे, त्यांना माहीत असणारच. तीन आठवड्यांनी अर्ज परत. 'किमी नमूद नाही.'

खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "तुमचा प्लॉट, तुम्हालाच माहीत पाहिजे ना."

मग मी हुशारी केली. आजोबांच्या खरेदीखतात चतुःसीमा दिलेली आहे : पूर्वेस जी. आय. पी. रेल्वे, मैल ११५, तारखांब १२ ते १५. दक्षिणेस नाला व दगडी मोरी. जी. आय. पी. म्हणजे आजची मध्य रेल्वे, तारखांब म्हणजे टेलिग्राफच्या तारांचे खांब. कागद पिवळा पडलेला, पण अक्षर मोत्यासारखं. मी म्हटलं, मिळालं की! ११५ मैल, वर खांबांचा हिशोब धरून अर्ध्याहून थोडं जास्त, म्हणजे ११५.६, गुणिले १.६०९, बरोबर १८६. मोबाइलवर दोनदा गुणाकार केला. रकान्यात ऐटीत लिहिलं : १८६/० ते १८६/४. तिरक्या रेघेनंतरचा आकडा विजेच्या खांबाचा असतो, हे तोवर युट्यूबवरून कळलं होतं.

या अर्जावर जॉइंट इन्स्पेक्शन, म्हणजे साहेबांनी आणि मी मिळून जागेची पाहणी, लागलं आणि त्याच दिवशीचं ते वाक्य आहे. सव्वाअकराला फोन आला.

"कुठे आहात?"

"प्लॉटवर, साहेब."

"मी पण प्लॉटवरच आहे. तुम्ही दिसत नाही."

"बाभळीखाली बघा."

"इथे बाभूळ नाहीये हो. १८६/२ ला या, खांबापाशी."

"मी तिथेच आहे साहेब, गेटच्या..."

मध्येच एक मालगाडी आली. रिकामे डबे, आवाज दुप्पट. ती जाईपर्यंत फोन कट. नंतर मी सात वेळा लावला, उचलला नाही. साहेबांना त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं म्हणे. ते जिथे उभे होते तिथून मी सहाशे मीटरवर होतो. मधे वळण, झाडी आणि कोणाचं तरी वीटभट्टीचं छप्पर. मी खोटं बोलत नव्हतो, तेही नव्हते. चहा मी एकट्याने प्यायलो.

दोन आठवड्यांनी टपाल आलं. बायकोने ते वाक्य जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरात आजही मी बाजारातून उशिरा आलो की तेच म्हणतात.

इथे अडीच महिने गेले. मी खिडकीवर जायचो, ते म्हणायचे किमी जागेशी जुळत नाही, दुरुस्त करून द्या. मी म्हणायचो, कसं दुरुस्त करू ते सांगा. ते म्हणायचे, तो आमचा विषय नाही, पुढच्या टेबलवर विचारा. पुढच्या टेबलवाले जेवायला. एकदा मी रेल्वेच्या तिकिटावरचं अंतर घेऊन गेलो, नाशिक रोड १८८ किलोमीटर, त्यातून मागे मोजायचं म्हणून. तिथला एक तरुण कर्मचारी हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

शेवटी वडिलांच्या ओळखीतले एक काका आठवले. देवळाली कॅम्पात राहतात, पी-वेमधून म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यातून निवृत्त. आधीच जायला हवं होतं. माझ्यासारखं कुणी असेल तर त्याने पहिल्या दिवशी अशा माणसाकडे जावं, गुगलकडे नंतर.

काकांनी खरेदीखत डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि पहिला प्रश्न केला, "गुणाकार केलास ना?"

"हो."

"सगळे करतात. स्टेशनांना जुळतं म्हणून करतात. मुंबईपासून इगतपुरी ८५ मैल, नाशिक रोड ११७, मनमाड १६२. गुणून बघ, १३७, १८८, २६१, बरोबर येतं. पण ते गोळाबेरीज आकडे आहेत रे. मैल गोळाबेरीज, किलोमीटर गोळाबेरीज. अर्धा-पाऊण किलोमीटर त्यात कुठे गेला, प्रवाशाला कळत नाही. तुला घर बांधायचंय, तुला कळणार."

मग खांबांचं. मैलाला किती तारखांब, हे मी मनानेच धरलं होतं. सरळ लाइनीवर खांब लांब लांब, वळणावर जवळ जवळ. आमच्याकडे वळण आहे. शिवाय ते तारखांबच आता नाहीत. आज जे आहेत ते विजेच्या तारेचे, त्यांचे नंबर वेगळे : आधी किलोमीटर, मग त्या किलोमीटरमधला अनुक्रम, एका लाइनीला सम, दुसऱ्या लाइनीला विषम. आजोबांच्या बाराव्या खांबाचा आजच्या बाराव्या खांबाशी नावापुरताही संबंध नाही.

मला मात्र राग दगडांचा होता. मैलाचा दगड एकदा पुरला की पुरला, तो कसा हलेल? काकांनी पेपरच्या समासात घाट काढून दाखवला. बोरघाटात १८६३ पासून गाडी रिव्हर्सिंग स्टेशनावर जायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावायचे आणि उलट्या दिशेने पुढची चढण. आपल्या थळ घाटातही, म्हणजे कसारा घाटात, तसलं स्टेशन होतं. बोरघाटात १९२९ ला नवी लाइन काढून ते सोडून दिलं. "आता लाइनीची लांबी बदलली. मग पुढचे सगळे दगड उपटायचे का?" काकांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली. "नुसते दगड नसतात ते. प्रत्येक मोरीचा नंबर किलोमीटरवर, प्रत्येक वळणाची नोंद किलोमीटरवर, गेट किलोमीटरवर, अपघाताचा पंचनामा किलोमीटरवर. एक आकडा बदलला तर हजार रजिस्टरं बदलायची."

म्हणून जिथे लाइन सरळ केली, पूल बाजूला नवा बांधला, तिथला एखादाच किलोमीटर आखूड किंवा लांब ठेवतात. आठशे मीटरचाही किलोमीटर असू शकतो. पुढचे दगड आपल्या जागी. हिशोब त्या एका किलोमीटरने गिळायचा. आणि लाइन नव्याने मोजून सगळे आकडे बदलतात तेव्हा जुन्या कागदांचं काय, ते कागद ज्याच्याकडे आहेत त्याने बघायचं. मेट्रिकचा कायदा १९५६ चा. आमचं खरेदीखत त्याच्या पंधरा वर्षं आधीचं. त्याला कुणी कळवलंच नाही.

तिकिटावरच्या अंतराबद्दल विचारलं तर काका म्हणाले, ते पैशांसाठी असतं. कोकण रेल्वेवर प्रवासभाड्याला अंतर ४० टक्के वाढवून धरतात. ते धरून कोणी प्लॉट शोधायला गेला तर समुद्रात जाईल. आणि त्यांचा शून्य किलोमीटर रोह्याला, मुंबईला नाही. मी चहा संपेपर्यंत शून्य म्हणजे मुंबईच, असं धरून बसलो होतो.

माझ्या मामांचं याहून वाईट झालं होतं ते तेव्हा आठवलं. नाशिक रोड स्टेशन ते मेन रोड अशी घोड्यांची ट्राम होती, १८९१ च्या सुमाराची, चार घोडे दोन डबे ओढायचे. १९३० च्या दशकात ती बंद पडली. मामांच्या जुन्या कागदात 'पश्चिमेस ट्रामवे' अशी हद्द. रूळ गेले, घोडे गेले, हद्द कागदावर राहिली. मामांना एका टेबलावर गंभीरपणे विचारलं होतं, "ट्राम नाशिकला? मुंबईचा कागद तर नाही ना आणला?" आणि नाशिक–पुणे रेल्वेची तर लाइन व्हायच्या आधीच रेघ सरकली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणींना त्रास नको म्हणून संगमनेरवरून जाणारी ती आता शिर्डीवरून न्यायचं चाललंय. सिन्नरकडे आमचे नातेवाईक आहेत, ते नकाशा बघून रोज जमिनीचा भाव ठरवतात.

असो. काकांनी खरेदीखतातल्या एका शब्दावर नख ठेवलं. मोरी.

"मैल सोड. दगडी मोरी उपटून कोणी नेत नाही. तिचा नंबर काढ."

दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून गँगमधल्या एका कीमनला, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्या माणसाला, सांगितलं. लाइनीवर आपण होऊन जाऊ नका. रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्यात कलम १४७ आहे आणि गाडी तर कायदाही बघत नाही. आम्ही नाल्याच्या बाजूने, बाहेरूनच गेलो. कीमन पन्नाशीचा, खांद्यावर हातोडा, पाठीला पाना. त्याने आम्हाला खालीच थांबवलं आणि एकटा वर चढला. मोरीच्या कठड्यावरचं गवत पायाने बाजूला केलं. चुन्यावर चुना चढून जाड झालेला थर, त्यावर काळ्या रंगात आकडे, शेवटच्या आकड्यावर पालीच्या अंड्याचं टरफल चिकटलेलं. त्याने अंगठ्याने पुसलं आणि वरून ओरडला, "एकशे पंच्याऐंशी, भागिले दोन!"

म्हणजे किलोमीटर १८५ मधली दुसरी मोरी. मग समोरच्या विजेच्या खांबांच्या पाट्याही त्याने वाचून दाखवल्या, १८५/१२, १८५/१४. मी एकशे शहाऐंशी लिहून बसलो होतो. प्लॉटच्या पूर्वेच्या कोपऱ्यात काटेरी झुडपात रेल्वेच्या हद्दीचा दगडही त्यानेच दाखवला. लहानपणी आम्ही त्यावर बसून आंबे खाल्ले आहेत.

नवा अर्ज केला. सातव्या रकान्यात लिहिलं : १८५/१२ ते १८५/१४, मोरी क्र. १८५/२ पासून नाशिक रोडच्या दिशेला ७० मीटर. सोबत मोरीचा, पाट्यांचा आणि हद्दीच्या दगडाचा फोटो. पाट्यांचे फोटो रस्त्यावरूनच, मोबाइलवर झूम करून काढले. दिशा लिहायची तर 'उत्तरेला' असं लिहू नका, मुंबईकडे की मनमाडकडे ते लिहा. रेल्वेच्या माणसाला दोनच दिशा असतात.

या वेळी तेच साहेब आले. अकरा मिनिटं थांबले. मी घड्याळ लावून बसलो होतो, लहानपणा म्हणा. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाले. मागच्या वेळचा विषय मीही काढला नाही, त्यांनीही नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मोरी लिहिलीत ते बरं केलंत. रजिस्टरला लगेच सापडली." पंचवीस दिवसांत एनओसी हातात पडली. पहिल्या अर्जापासून धरलं तर साडेसात महिने.

एक सांगायचं राहिलंच. फी भरल्याची मूळ पावती अर्जाला लावू नका, झेरॉक्स लावा. माझी मूळ पावती पहिल्या अर्जाबरोबर कुठल्याशा कपाटात गेली ती गेली, दुसऱ्यांदा फी भरली. आणि खरेदीखताचं लॅमिनेशन करू नका, आमच्या धाकट्याने केलं होतं आणि एका टेबलावर त्यामुळे वेगळा वाद झाला.

मेहुण्याची जमीन ओढा गावाच्या बाजूला, लाइनीलगतच. त्यालाही आता तोच अर्ज भरायचाय. त्याला सांगितलं, आधी मोरी शोध. काल रात्री फोन आला. मोरी सापडली, पण तिच्यावर दोन नंबर आहेत, एक ठळक, दुसरा काट मारलेला, आणि काट मारलेलाच त्याच्या सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारात आहे. रविवारी काकांना घेऊन जातोय.