एका जोडप्याचे दोन पासपोर्ट: आग्नेय आशियातील व्हिसा आणि पुढच्या तिकिटाचा अनुभव

गेल्या वर्षअखेरीस, म्हणजे 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आम्ही दोघांनी मुंबई, बँकॉक, तिथून रेल्वेने पेनांग आणि क्वालालंपूर, पुढे सिंगापूर, बाली आणि शेवटी व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी असा प्रवास केला. माझा पासपोर्ट भारतीय आहे. माझे पती इंग्लंडमध्ये वाढलेले असल्यामुळे त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात व्हिसाविना येऊ देणारे कार्ड) आहे. त्यामुळे प्रत्येक सीमेवर एकाच जोडप्याला दोन निराळे नियम लागू होत गेले. दोघांचेही पासपोर्ट भारतीय असले तरी पुढील बहुतेक मजकूर उपयोगी पडेल, कारण व्हिसाचा नियम जोडप्याला नव्हे, तर माणसागणिक आणि पासपोर्टागणिक लागतो, हे तिथेही तितकेच खरे आहे.

परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट परदेशातील इमिग्रेशन अधिकारी विचारील अशी तयारी बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात ही तपासणी त्याच्या कितीतरी आधी, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर होते. ज्या प्रवाशाला प्रवेश नाकारला जातो त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते आणि अनेक देश वर दंडही आकारतात. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यात तुमचे नागरिकत्व आणि मुक्कामाचा देश घालून पाहतो, आणि तिथे पुढच्या तिकिटाची अट दिसली की ते मागतो. थायलंडच्या विमानतळावर आम्हाला ते कोणीही विचारले नाही. मुंबईत मात्र त्याशिवाय बोर्डिंग पास मिळाला नसता.

आमचा प्रश्न असा होता की थायलंडमधून आम्ही विमानाने नव्हे, रेल्वेने बाहेर पडणार होतो. बँकॉकहून मलेशियाच्या सीमेवरील पाडांग बेसारपर्यंत जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे तिकीट आमच्याकडे होते. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिले आणि ‘मॅडम, फ्लाइटचं तिकीट नाही का?’ असे विचारले. मग मी सिंगापूरहून बालीला जाणाऱ्या विमानाचे तिकीट पुढे केले. तिने ते आपल्या वरिष्ठांना दाखवले. त्यांनी आधी तारीख पाहिली, ती थायलंडमध्ये राहण्याच्या मुदतीच्या आत आहे याची खात्री केली, आणि मग लगेच माझ्याकडे सिंगापूरचा व्हिसा मागितला. पतींना तो लागत नसल्यामुळे त्यांच्याबाबतीत पुढचा प्रश्नच आला नाही. पुढचे तिकीट दाखवले की त्या तिकिटावरील देशात तुम्हाला प्रवेश मिळेल काय, हेही पाहिले जाते. म्हणून अनेक देशांच्या प्रवासात आखणी शेवटच्या देशापासून उलटी करत यावे, असे माझे मत झाले आहे: आधी शेवटच्या देशाचा व्हिसा, मग तिथे जाणाऱ्या विमानाचे तिकीट, मग त्याआधीचा देश. पहिल्या काउंटरवर उभे राहताना ही साखळी पूर्ण असली पाहिजे.

बस किंवा रेल्वेचे तिकीट कधी चालते, कधी चालत नाही. ते समोरच्या माणसावर अवलंबून असते आणि पहाटे दोन वाजता त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ज्यांना जमिनीवरूनच सीमा ओलांडायची आहे त्यांनी मुदतीच्या आत त्या भागातून बाहेर नेणारे एखादे स्वस्त विमान तिकीट सोबत ठेवावे. क्वालालंपूर हे स्वस्त विमानसेवांचे मोठे केंद्र असल्यामुळे तिथून निघणारी तिकिटे बरीच परवडतात. पैसे परत मिळणारे तिकीट काढून नंतर रद्द करणे हाही सरळ मार्ग आहे, फक्त परतावा रोख मिळतो की त्याच कंपनीच्या खात्यात जमा होतो, हे आधी वाचून घ्यावे. काही एजंट ‘डमी तिकीट’ म्हणून जे देतात त्यापासून मात्र दूर राहावे. त्यात बहुधा पैसे न भरता जागा धरून ठेवलेली असते. ती काही तासांत किंवा दिवसांत आपोआप सुटते आणि काउंटरवर त्या क्रमांकाने शोधल्यास काहीच सापडत नाही. मोठ्या विमान कंपन्यांच्या खऱ्या ई-तिकिटावर तेरा अंकी तिकीट क्रमांक असतो. स्वस्त कंपन्यांकडे तो बहुधा नसतो, तिथे आरक्षण क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहावा.

दोघांची तिकिटे शक्यतो एकाच आरक्षण क्रमांकावर काढावीत. वेगवेगळी काढली असतील तर प्रत्येकाचे पुढचे तिकीट वेगळे दाखवावे लागते. ‘आम्ही एकत्रच आहोत’ हे उत्तर पुरत नाही.

आता नावाविषयी. आपल्याकडच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नवा पासपोर्ट काढला असेल तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असू शकते, तर बँकेचे कार्ड, जुना व्हिसा आणि विमान कंपनीचे सदस्य खाते माहेरच्या नावाने चाललेले असते. तिकीट, ई-व्हिसा आणि प्रत्येक देशाचे आगमन कार्ड यांवर नाव पासपोर्टबरहुकूम, मधल्या नावासकट लिहावे. तिकिटावर नाव, मधले नाव आणि ‘मिसेस’ हे सगळे मध्ये जागा न सोडता चिकटून छापले जाते. ते पाहून अनेक जण घाबरतात, पण ती तिकीट प्रणालीची नेहमीची पद्धत आहे. व्हिएतनामच्या ई-व्हिसात मात्र एखादे अक्षर चुकले तरी नव्याने अर्ज करून पैसे पुन्हा भरावे लागू शकतात.

मुंबईत विमान कंपनीनंतर आपल्याच इमिग्रेशनचा टप्पा येतो. थायलंडला जाणाऱ्या, विशेषतः पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या तरुणांना तिथे हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट, नोकरीचे ठिकाण असे प्रश्न विचारले जातात. थायलंडमार्गे नेऊन म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या तळांवर डांबलेल्या भारतीयांची प्रकरणे लक्षात घेता हे प्रश्न मला अवाजवी वाटत नाहीत; शांतपणे उत्तरे द्यावीत. दोघांपैकी कोणाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक) असा शेरा असेल तर थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे तिन्ही देश त्या नियमाच्या 18 देशांच्या यादीत आहेत. पर्यटनासाठी जाताना परवानगी लागत नाही, पण परतीचे तिकीट दाखवावे लागते. दहावी उत्तीर्णांना हा शेरा लागत नाही, तरी जुन्या पासपोर्टवर तो राहून गेलेला असतो. तो प्रवासाआधी काढून घेतलेला बरा.

थायलंडमध्ये भारतीयांना 15 जुलै 2024 पासून व्हिसाविना 60 दिवस राहण्याची मुभा मिळाली आणि आम्हा दोघांच्याही पासपोर्टवर तेवढ्याच मुदतीचा शिक्का बसला. ही मुदत कमी करण्याची चर्चा तिथे अधूनमधून होत असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थायलंडच्या दूतावासाची माहिती पाहावी. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात वर दिसणारी काही संकेतस्थळे त्यासाठी पैसे मागतात. ती सरकारी नव्हेत. जवळ पुरेसे पैसे आहेत हे दाखवायला अधिकारी सांगू शकतो, आणि त्या रकमेत कुटुंबासाठीचा आकडा एका व्यक्तीच्या दुप्पट धरला जातो. थायलंडमधून रस्त्याने कंबोडियाला जाण्याचा जुना मार्ग ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी तो सध्या बाजूला ठेवावा. जून 2025 मध्ये दोन्ही देशांत तणाव वाढल्यापासून तिथली सीमा बंद झाली आणि आमच्या प्रवासाच्या काळातही ती खुली नव्हती.

पाडांग बेसारचे स्थानक मला या प्रवासात सर्वांत आवडले. सकाळी गाडीतून सामानासह उतरायचे, त्याच इमारतीत आधी थायलंडच्या खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का आणि काही पावलांवर मलेशियाच्या खिडकीवर आत आल्याचा शिक्का घ्यायचा, मग सामान तपासणीच्या यंत्रातून काढायचे आणि जिना चढून बटरवर्थच्या (पेनांग बेटासमोरचे स्थानक) गाडीचे तिकीट घ्यायचे. मलेशियाचे घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे असते, त्यामुळे पुढच्या गाडीची वेळ चुकवू नये. मलेशियाचे आगमन कार्डही तीनच दिवस आधी, मोफत भरायचे असते. तिथल्या अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून शिक्के मारले: पतींना 90 दिवस, मला 30. भारतीयांना ही व्हिसामाफी 1 डिसेंबर 2023 पासून आहे आणि तिची जाहीर मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे. ज्यांचे पासपोर्ट वेगवेगळे आहेत त्यांनी सगळी आखणी कमी मुदतीच्या शिक्क्यावर करावी आणि खिडकी सोडण्यापूर्वी शिक्क्यावरची तारीख वाचावी.

सिंगापूरसाठी भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा घ्यावा लागतो, आणि भारतात तो अधिकृत एजंटांमार्फत काढायचा असतो. सरकारी शुल्क 30 सिंगापूर डॉलर आहे, त्यावर एजंटाचा आकार वेगळा. व्हिसा कागदावर मिळतो, पासपोर्टवर चिकटवला जात नाही, म्हणून त्याची छापील प्रत जवळ असावी. आम्ही मलेशियातील जोहोर बारूहून सिंगापूरमधील वुडलँड्सला पाच मिनिटांच्या रेल्वेगाडीने गेलो. मलेशियाची तपासणी गाडीत बसण्याआधी आणि सिंगापूरची उतरल्यावर होते. सिंगापूर पासपोर्टवर शिक्का मारत नाही. किती दिवस राहता येईल ते आगमन कार्डात दिलेल्या ईमेलवर येते. एकाच ईमेलवर दोघांचे कार्ड भरले तरी दोन स्वतंत्र पत्रे येतात, आणि दोन्ही उघडून तारखा पाहाव्यात.

बालीला दोघांनाही पोहोचल्यावर मिळणारा 30 दिवसांचा व्हिसा लागू होता, माणशी 5,00,000 इंडोनेशियन रुपये. तो आम्ही घरूनच ऑनलाइन घेतला, त्यामुळे विमानतळावरची पैसे भरण्याची रांग टळली. इथे नवरा-बायको असा एकत्रित अर्ज चालत नाही, प्रत्येकाचा वेगळा भरावा लागतो. बालीचा पर्यटक कर माणशी 1,50,000 इंडोनेशियन रुपये निराळा आहे आणि 2025 च्या शरदापासून ‘ऑल इंडोनेशिया’ हे एकत्रित आगमन पत्रकही भरावे लागते. सिंगापूरच्या काउंटरवर बालीहून बाहेर पडण्याचे तिकीट मागितले गेले आणि त्यापाठोपाठ माझा व्हिएतनामचा व्हिसा, अगदी मुंबईसारखेच.

व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर एकवेळच्या प्रवेशासाठी 25 अमेरिकी डॉलरना आणि अनेकवेळच्या प्रवेशासाठी 50 डॉलरना मिळतो, कमाल मुदत 90 दिवस. अर्जात प्रवेशाचे ठिकाण निवडावे लागते आणि व्हिसावर छापलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीही आत सोडत नाहीत. सांगितलेली मुदत कामाच्या तीन दिवसांची असली, तरी तिथल्या चांद्र नववर्षाच्या सुट्ट्यांत कचेऱ्या बंद असतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी बराच आधी अर्ज करावा. पतींना ब्रिटिश पासपोर्टवर 45 दिवस व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांचे सगळे काम पाच मिनिटांत झाले आणि माझ्या फोटोचा आकार तीनदा नाकारला गेला तेव्हा त्यांनी चहा केला.

लग्नाचा दाखला कुठेही मागितला गेला नाही, तरी तो जवळ होता. आडनावे वेगळी असतील, पासपोर्टवर जोडीदाराचे नाव नसेल, किंवा कुटुंब म्हणून एकत्रित रक्कम दाखवायची असेल तर तो उपयोगी पडतो. महापालिकेचा दाखला केवळ मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्यावे. अविवाहित जोडप्यांनाही पर्यटक व्हिसासाठी अडचण येत नाही, कारण अर्ज एकेकट्याचाच असतो. इंडोनेशियाची 2 जानेवारी 2026 पासून लागू झालेली नवी दंडसंहिता मात्र विवाहाविना एकत्र राहणे हा गुन्हा मानते. त्यावर तक्रार केवळ जोडीदार, आई-वडील किंवा मुले यांनाच करता येत असल्यामुळे पर्यटकाला व्यवहारात धोका कमी आहे, पण तो कायदा आहे हे ठाऊक असावे.

दोघांच्या पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. सर्व कागदांचे दोन संच छापावेत आणि प्रत्येकाने आपला संच आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा, कारण खिडक्या वेगळ्या झाल्या की एकाच्या फोनमधले सगळे दुसऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही. ओसीआय कार्डधारकांसाठी आणखी एक: हो ची मिन्ह सिटीच्या काउंटरवर मुंबईच्या विमानासाठी पतींकडे भारताचा व्हिसा मागितला गेला आणि ओसीआय कार्ड दाखवल्यावरच बोर्डिंग पास निघाला. जुना पासपोर्ट सोबत ठेवण्याची अट 2021 मध्ये रद्द झाली असली, तरी मूळ कार्ड लागतेच. ते मोठ्या बॅगेत टाकून सामानाच्या पट्ट्यावर पाठवू नये.