ताडोबा, आज दिवसभर: कॅमेऱ्यांच्या जोड्या

राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. पण वाघ मोजायचे तर आजही गुडघ्यावर बसून गवतच उपटावं लागतं!

दर दोन चौरस किलोमीटरला कॅमेऱ्यांची एक जोडी. जोडीच का? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला, तर एक वाघ दोनदा मोजला जायची भीती. कॅमेरे रस्त्याच्या दोन्ही अंगांना, पण थोडे तिरके. अगदी समोरासमोर लावले की एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत घुसतो. उंची ४०-४५ सेंटीमीटर. तोंड उगवतीला-मावळतीला नको. दोन्हींची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर दोन बाजूंच्या फोटोंची जोडी लावताना डोकं धरून बसा.

खरा वेळ खातं ते गवत. कॅमेऱ्याच्या सेन्सरला हलती ऊब जाणवली की फोटो आपोआप निघतो. तापलेली एक काडी वाऱ्यावर हलत राहिली की कार्डात शेकडो रिकामे फोटो, आणि बॅटरी संपलेली. मे महिन्यात सेन्सरच गंडतो: हवा जनावराच्या अंगाइतकी तापली की त्याला वाघ वेगळा जाणवतच नाही.

शेवटी कुणीतरी चार पायांवर कॅमेऱ्यासमोरून जायचं. दिवा लुकलुकला की ठीक. मग बटण ‘टेस्ट’वरून ‘ऑन’वर. हेच बऱ्याचदा राहतं.