जीपीसीचा कॉलम निवडताना

जीपीसी म्हणजे जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी: पॉलिमरचं द्रावण बारीक छिद्रांच्या जेलनं भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडायचं; मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान नंतर, आणि त्यावरून रेणुभार कळतो. आमच्या पीएमएमएच्या (अ‍ॅक्रिलिक काचेच्या पॉलिमरच्या) प्रत्येक नमुन्याच्या आलेखात मुख्य पीकच्या (उंचवट्याच्या) जरा आधी एक फुगवटा दिसायचा. पॉलिमर फ्री रॅडिकल पद्धतीनं केलेला, तीत साखळ्या कमी-जास्त लांबीच्या होतात, त्यामुळे पीक रुंद येणार हे गृहीतच होतं. पण तापमान बदललं, इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारं रसायन) बदलला, पीक पुढेमागे सरकला, तरी फुगवटा मात्र त्याच मिनिटाला हजर. रेणूंमुळे आला असता तर तोही सरकला असता. संशय कॉलमवर गेला.

यंत्रावर दोन कॉलम एकापाठोपाठ जोडलेले होते: एक बारीक छिद्रांचा, दुसरा खूप मोठ्या छिद्रांचा. मधल्या आकाराची छिद्रं जवळपास नव्हतीच. पॉलिस्टायरीन स्टँडर्डचे, म्हणजे रेणुभार आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे, बिंदू रेणुभार आणि बाहेर पडण्याची वेळ अशा आलेखावर मांडले तेव्हा ही कॅलिब्रेशनची रेष नेमकी तिथंच वाकलेली दिसली. रेष जिथं तीव्र उतारानं जाते तिथं वेगवेगळ्या रेणुभाराचे रेणू थोड्याशाच द्रावकात दाटीनं बाहेर पडतात आणि डिटेक्टरला ते जास्त वाटतात. म्हणून नवा कॉलम घ्यायचं ठरलं.

सुरुवात रेणुभारापासून करावी असं वाटतं, पण माझ्या मते पहिला प्रश्न द्रावकाचा. नमुना टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सेंद्रिय द्रावकात पूर्ण विरघळतो, म्हणून पॉलिस्टायरीन-डायव्हिनाइलबेंझिनचं जेल. पाण्यात विरघळणारा पॉलिमर असता तर हे जेल बादच. मग रेणुभाराची व्याप्ती: आमचे नमुने काही हजारांपासून दहा लाखांच्या आत. इथं एकाच आकाराच्या छिद्रांपेक्षा मिक्स्ड-बेड बरा, कारण त्यात छिद्रांचं मिश्रण कॅलिब्रेशनची रेष सरळ यावी असंच केलेलं असतं. अरुंद पट्ट्यातले ऑलिगोमर (अगदी छोट्या साखळ्या) वेगळे करायचे असते तर मी उलट निर्णय घेतला असता.

कॉलममध्ये भरलेल्या जेलच्या कणांच्या आकारावर बराच खल झाला. ३ मायक्रॉनमध्ये रेझोल्यूशन (रेणू वेगळे करण्याची क्षमता) उत्तम, पण दाब वाढतो आणि लांब साखळ्या तुटण्याची भीती. अतिउच्च रेणुभारासाठी २० मायक्रॉनचे कण वापरतात ते याचसाठी. आम्हाला ५ मायक्रॉन पुरेसे होते. ३०० मिलिमीटरचे दोन कॉलम घेतले; लांबी दुप्पट केली तरी रेझोल्यूशन साधारण १.४ पटच वाढतं, त्यामुळे तिसऱ्याचा मोह टाळला. त्यांच्या आधी, घाण अडवायला, छोटा गार्ड कॉलम लावला.

नव्या जोडीवर रेष सरळ आली आणि फुगवटा गेला. रेणुभाराचे आकडे अजून पॉलिस्टायरीन-सापेक्षच आहेत, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या रेषेवरून काढलेले. दोन्ही पॉलिमरांचं आकारमान सारख्या रेणुभाराला सारखं नसतं, म्हणून अहवालात तसं स्पष्ट लिहितो आणि आता पीएमएमएचे स्टँडर्ड मागवतो आहोत.