ग्रेट डेनचे पिल्लू येण्यापूर्वी

रविवार, रात्री

घरात ग्रेट डेन जातीचा कुत्रा आणावा, ही यांची जुनी इच्छा आहे आणि आता मुलानेही तोच आग्रह धरला आहे. माझाही विरोध नाही. पण या जातीची सगळी माहिती हाती आल्याखेरीज कोणालाही विसार द्यायचा नाही, एवढी अट मी घातली आणि ती दोघांनीही मान्य केली. वाचनाचे आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले असल्यामुळे जे कळेल ते इथे लिहून ठेवत आहे.

जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी घडवलेली ही जात आज मुख्यतः माणसांच्या सोबतीसाठी पाळली जाते. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची ७६ ते ८१ सेंटिमीटर आणि वजन ६४ ते ७९ किलो असते. मादी ५० ते ६४ किलोंपर्यंत भरते. आमच्या सासूबाई काठी घेऊन चालतात आणि त्यांचे वजन पन्नासच्या आत आहे. असा कुत्रा कितीही शांत स्वभावाचा असला, तरी नुसत्या आनंदाने अंगावर रेलला तर त्या पडतील, ही गोष्ट मला सर्वांत आधी दिसली. म्हणून अंगावर झेप न घेण्याचे आणि पट्टा न ओढता चालण्याचे शिक्षण पिल्लू दहा-बारा किलोंचे असतानाच सुरू झाले पाहिजे. पुढे ते ताकदीच्या बळावर शिकवता येणार नाही.

आयुर्मान साधारण सात ते दहा वर्षे. हा आकडा मी मुलाला वाचून दाखवला. तो आज अकरा वर्षांचा आहे. म्हणजे तो कॉलेजात असेल तेव्हा आमचा कुत्रा म्हातारा झालेला असेल, किंवा नसेलही. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने विचारले, की म्हातारपणी त्याला जिना चढता येईल का? अकरा वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण पिल्लू पाहायला जाणारी बहुतेक मोठी माणसे तो विचारत नाहीत.

मंगळवार

आज हाडांविषयी वाचले. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरपूर खाऊ घालावे आणि वर कॅल्शिअमचे टॉनिक द्यावे, असा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो, की तो चुकीचा असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात याविषयी ग्रेट डेनच्याच पिल्लांवर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हवे तेवढे खाऊ दिलेल्या पिल्लांमध्ये सांगाड्याचे विकार मोजून खाणाऱ्या पिल्लांपेक्षा अधिक आढळले. पुढे १९८५ साली नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या संशोधकांनी दाखवून दिले, की आहारातील कॅल्शिअम फार वाढवले तर कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रियाच बिघडते. कोवळ्या वयातील पिल्लाचे आतडे जादा कॅल्शिअम पुरेसे अडवू शकत नाही. ते शरीरात जाते आणि सांध्यांना भोवते.

जन्मताना अर्धा-पाऊण किलोचे असलेले पिल्लू वर्षभरात पन्नास किलोंच्या आसपास पोहोचते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शरीराला आणखी घाईने वाढवण्यात शहाणपण नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी केलेले, कॅल्शिअम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण सांभाळलेले खाद्य द्यायचे, ते मोजून द्यायचे आणि फासळ्या हाताला सहज लागतील इतपतच अंग ठेवायचे, असे ठरले. सासूबाईंच्या माहेरी कुत्र्यांना दूध-भाकरी घालत आणि ती चांगली जगत, असे त्या म्हणाल्या. ती कुत्री आपल्या मातीतली, वीस किलोंच्या आतली होती, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि त्यांना ते पटले. टॉनिकची बाटली घरात येणार नाही.

हाडे पक्की व्हायला दीड वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत जिन्यावरून धावणे, उंचावरून उड्या, दुचाकीबरोबर पळवणे हे सारे वर्ज्य. आमच्या घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. त्यांवर पिल्लाचे पाय फाकतात आणि वाढत्या खुब्यांवर ताण येतो, म्हणून दिवाणखान्यापासून गॅलरीपर्यंत रबरी तळाच्या सतरंज्या अंथराव्या लागतील. सासूबाईंच्या काठीसाठीही ते बरेच होईल.

शुक्रवार

पोटाला पीळ पडण्याच्या विकाराचे वाचल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. जठर वायूने फुगते, स्वतःभोवती फिरते आणि दोन्ही तोंडे बंद होतात. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावतो. खोल छातीच्या मोठ्या जातींना याचा धोका असतो आणि त्यांत ग्रेट डेनचे नाव सर्वांत वर घेतले जाते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या आणि महाकाय अशा अकरा जातींच्या कुत्र्यांचा काही वर्षे मागोवा घेऊन २००० साली निष्कर्ष मांडले. वाढते वय, घाईघाईने खाणे आणि आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला हा विकार झालेला असणे, या गोष्टींनी धोका वाढतो असे त्यात दिसले. उंच कुत्र्याला सोयीचे म्हणून जेवणाचे भांडे स्टँडवर ठेवण्याची सर्रास पद्धत आहे, पण त्या अभ्यासात उंचावरचे भांडेही धोका वाढवणारेच ठरले. यांनी मोठ्या हौसेने निवडून ठेवलेला स्टँड आता आणायचा नाही.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांना भेटून आले. पोट टणक फुगलेले, उलटी काढण्याचा प्रयत्न पण बाहेर काहीच नाही, तोंडाला लाळ आणि सारखी अस्वस्थता, अशी लक्षणे दिसताच सकाळची वाट पाहायची नाही, असे त्यांनी बजावले. जठर पोटाच्या भिंतीला शिवून टाकण्याची, गॅस्ट्रोपेक्सी नावाची शस्त्रक्रिया आधीच करून घेतली तरी पोट फुगू शकते, पण पीळ पडण्याची शक्यता फारच कमी होते. मादीची नसबंदी करताना एकाच भुलेत ती उरकता येते. नरापेक्षा मादी घ्यावी याकडे माझा कल होऊ लागला आहे, त्याचे हेही एक कारण आहे. रात्री अडीच वाजता शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय शहरात कोणते, तिथे जायला किती वेळ लागतो आणि साठ किलोंचे जनावर तिसऱ्या मजल्यावरून खाली कसे न्यायचे, याची उत्तरे पिल्लू येण्यापूर्वी हवीत. लिफ्ट आहे, पण वीज गेली तर जिनाच. त्यासाठी मजबूत कापडाचे स्ट्रेचर घेऊन ठेवायचे आहे.

रविवार

एका ठिकाणी पिल्ले पाहायला गेलो होतो. पस्तीस दिवसांचे पिल्लू लगेच घेऊन जा, असे सांगण्यात आले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास आणि विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. आई आणि भावंडे यांच्या सहवासातच पिल्लू चावण्याची मर्यादा शिकते; पुढे ज्याचा जबडा एवढा मोठा होणार आहे, त्याचे ते शिक्षण अर्ध्यावर तोडणे मला मुळीच मान्य नाही. तिथेच पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे पिल्लू ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त किमतीला दाखवले. आई आणि बाप दोघांकडूनही मर्ल रंगाचे (फिकट अंगावर गडद, वेडेवाकडे डाग असलेल्या रंगाचे) जनुक आलेली अशी पांढरी पिल्ले बरेचदा बहिरी, काही वेळा अंध निघतात. अशी जोडी जाणूनबुजून लावणे हा त्या जिवावर अन्याय आहे, आणि वाढीव किंमत देणारे गिऱ्हाईक त्यात सहभागी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे मात्र समाधान वाटले. तिथे पिल्लांची आई समोर आली, न भुंकता हात हुंगून मुलाच्या शेजारी बसली. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची कागदपत्रे त्यांनी दाखवली. त्या कागदावरून कूळ कळते, प्रकृती कळत नाही. म्हणून मी आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि हृदयाचा एको यांची विचारणा केली. हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगण्याचा आजार या जातीत आढळतो आणि तो अनेकदा ऐन मध्यम वयात उघड होतो. त्यामुळे तरुण नराचा एको चांगला असला, तरी आजी-आजोबा किती वर्षे जगले आणि कशाने गेले, हेही विचारले. त्यांनी न चिडता सांगितले: आजी नऊ वर्षांची होऊन गेली, आजोबांना हाडाचा कर्करोग झाला होता. ही दुसरी गोष्ट लपवता आली असती. त्यांनी ती लपवली नाही, म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

बुधवार

सोसायटीच्या सचिवांशी बोलणे झाले. सरकारने मध्यंतरी मोठ्या कुत्र्यांवर बंदी घातली आहे ना, असे त्यांनी विचारले. मार्च २०२४ च्या त्या परिपत्रकात तेवीस जाती होत्या, त्यांत ग्रेट डेन नव्हता आणि पुढे न्यायालयांनी ते परिपत्रकच रद्द केले, हे मी त्यांना सांगितले. नियम आमच्या बाजूचे असले, तरी शेजारच्या लहान मुलांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. पिल्लू लहान असतानाच त्यांची ओळख करून द्यायची आणि लिफ्टमध्ये कोणी नको म्हटले तर आपण थांबायचे, असे आम्ही घरात ठरवले.

महिन्याच्या खर्चाचा अंदाज यांनी मांडला आहे. खाद्य, गोचिडांचे आणि जंतांचे औषध, लसी, महापालिकेचा परवाना. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्यामुळे प्रत्येक आजारपण लहान कुत्र्याच्या कित्येक पट महाग पडेल. शस्त्रक्रियेसाठी वेगळी रक्कम बाजूला काढल्याशिवाय पुढे जायचे नाही, यावर दोघांचे एकमत झाले.

त्याच ठिकाणच्या पुढच्या वेतातील मादी आम्ही मागितली आहे. वेत पावसाळ्यानंतर होईल, पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावरच मिळेल. तोपर्यंत सतरंज्या, स्ट्रेचर आणि रात्रीच्या रुग्णालयाचा शोध ही कामे माझी. सकाळी फिरवण्याची वेळ यांची. मुलाने संध्याकाळच्या जेवणाचे माप आपल्याकडे मागून घेतले आहे.