डिरेक्टरीचे नाव नेमके कोण वाचते?

काही वर्षांपूर्वी एका सर्व्हरवरच्या जुन्या डिरेक्टरी काढून टाकण्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. काढायचे नाव एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचे आणि ते ‘आरएम -आरएफ’ला, म्हणजे डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट न विचारता काढून टाकणाऱ्या युनिक्सच्या कमांडला, द्यायचे, एवढेच तिचे काम होते. ‘अहवाल जुने’ या नावाची पाळी आली तेव्हा ती डिरेक्टरी जागच्या जागी राहिली आणि शेजारची, चालू वर्षाची ‘अहवाल’ ही डिरेक्टरी नाहीशी झाली. पडद्यावर चूक झाल्याचा एक शब्दही उमटला नाही, कारण ‘जुने’ नावाचे काही सापडत नाही ही तक्रार ‘-एफ’ या पर्यायाने दाबून टाकली होती. बॅकअप होता म्हणून अहवाल परत मिळाले. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालायची राहून गेली होती, आणि ती नेमकी कोणासाठी घालायची असतात हे मला तोवर नीट ठाऊक नव्हते.

युनिक्सच्या कर्नलला, म्हणजे फाइली प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या त्याच्या गाभ्याला, सहसा कोणत्याही नावाचे वावडे नसते. नावात स्लॅश चालत नाही, कारण तो मार्गातले टप्पे वेगळे करतो, आणि शून्य बाइट चालत नाही, कारण सी भाषेत अक्षरांची साखळी (स्ट्रिंग) तिथे संपते. एकेरी व दुहेरी टिंब ही दोन नावे राखीव आहेत. बाकी स्पेस, तारांकन, अवतरणचिन्ह, अगदी नव्या ओळीचे चिन्हसुद्धा नावात बसते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमांवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलंत, ३ बाइट घेते, त्यामुळे देवनागरी नावात जेमतेम ८५ चिन्हे मावतात. तेव्हा नावाचा विचित्रपणा कर्नलपाशी नसतोच. तो उपजतो ते नाव वाचणाऱ्या इतर तिघांपाशी: शेल, कमांड आणि आपले डोळे.

शेल, म्हणजे आपण टंकलेली ओळ समजून घेऊन कमांड सुरू करणारा प्रोग्राम, सर्वांत आधी वाचतो. अवतरणाबाहेरच्या व्हेरिएबलची किंमत भरली, की तो तिचे स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांच्या ठिकाणी तुकडे करतो, आणि मग प्रत्येक तुकड्यातली तारांकने व प्रश्नचिन्हे हजर असलेल्या फाइलींच्या नावांशी जुळवून पाहतो आणि जुळलेली नावे त्या जागी भरतो. माझ्या एका नावाचे दोन झाले ते इथेच. अवतरणचिन्हे ही शेलला दिलेली सूचना असते. ती नावाचा भाग नसतात, आणि कमांड सुरू होण्यापूर्वी शेल ती काढून टाकतो. एकेरी अवतरणातले सगळे जसेच्या तसे राहते, मात्र त्यात एकेरी अवतरणचिन्ह लिहिता येत नाही: आधीचे अवतरण बंद करावे लागते, बॅकस्लॅशसह ते चिन्ह लिहावे लागते आणि पुन्हा अवतरण उघडावे लागते. दुहेरी अवतरणात स्पेस आणि तारांकन सुरक्षित राहतात, परंतु डॉलर, बॅकटिक आणि बॅकस्लॅश यांचा अर्थ कायम राहतो. म्हणून हाताने लिहिलेले विचित्र नाव मी एकेरी अवतरणात ठेवतो आणि व्हेरिएबल दुहेरी अवतरणात.

यातले सर्वांत धोक्याचे नाव एका अक्षराचे आहे. एखादा प्रोग्राम शेलला न विचारता ‘~’ने सुरू होणारा मार्ग जसाच्या तसा वापरतो, आणि चालू डिरेक्टरीत खरोखरच ‘~’ नावाची डिरेक्टरी तयार होते. ती काढण्यासाठी ‘आरएम -आर ~’ असे लिहिले तर शेल त्या चिन्हाच्या जागी आपल्या होम डिरेक्टरीचा मार्ग ठेवतो, आणि पुढे काय होते ते सांगायला नको. ‘./~’, म्हणजे ‘चालू डिरेक्टरीतले ~’, असे लिहिले की हा विस्तार होत नाही. डिरेक्टरी रिकामी असावी असे वाटत असेल तर ‘आरएमडीआयआर’ वापरावे. भरलेल्या डिरेक्टरीला ती कमांड हात लावत नाही.

डॅशने सुरू होणाऱ्या नावापुढे मात्र अवतरणचिन्हे निरुपयोगी ठरतात, कारण इथे घोटाळा दुसऱ्या वाचकाचा आहे. शेलने अवतरणे काढून दिलेल्या शब्दाचे पहिले अक्षर डॅश दिसले, की कमांड त्याला नाव न समजता ‘-एफ’सारखा पर्याय समजते. ‘--’ लिहून पर्याय संपल्याचे सांगता येते, तरी मला नावाआधी ‘./’ लावणे अधिक भरवशाचे वाटते. नुसत्या ‘-’ नावाची डिरेक्टरी घ्या: डिरेक्टरी बदलणारी कमांड ‘सीडी -’ अशी लिहिली तर ती आपल्याला मागच्या डिरेक्टरीत नेते, ‘सीडी -- -’ देखील तेच करते, आणि ‘सीडी ./-’ तेवढे योग्य ठिकाणी पोहोचवते. नुसत्या तारांकनाऐवजी ‘./*’ लिहायचे तेही याचसाठी, नाहीतर ‘-आरएफ’ नावाची एखादी फाइल विस्तारानंतर पर्याय होऊन बसते.

तिसरा वाचक आपण स्वतः, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ इथेच जातो. शेवटी स्पेस असलेले नाव पडद्यावर वेगळे दिसत नाही. विंडोजवर जतन केलेली स्क्रिप्ट चालवली तर ओळीअखेरचे कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्ह डिरेक्टरीच्या नावाला चिकटते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ग्नूच्या ‘एलएस’ कमांडने २०१६ मध्ये, ८.२५ या आवृत्तीपासून, अशी नावे टर्मिनलवर अवतरणांसह दाखवायला सुरुवात केली. तो बदल अनेकांना खटकला, पण मला तो योग्यच वाटतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘फेऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. तोच ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) असाही लिहिला जातो, आणि ‘र’, हलंत व अदृश्य जोडचिन्ह यांतूनही हुबेहूब तसाच आकार उमटतो. लिनक्सवर नावे साधारणतः बाइटांनीच ताडून पाहिली जात असल्याने ‘फेऱ्या’ नावाच्या तीन डिरेक्टरी शेजारी शेजारी नांदू शकतात. अशा वेळी नाव टंकण्याच्या भानगडीत न पडता ‘एलएस -आय’ने इनोड क्रमांक, म्हणजे फाइलसिस्टिमने त्या डिरेक्टरीला दिलेला क्रमांक, पाहावा आणि ‘फाइंड’ या शोधणाऱ्या कमांडच्या ‘-इनम’ने तीच डिरेक्टरी गाठून तिचे नाव बदलावे. तो क्रमांक एकाच फाइलसिस्टिमपुरता अनन्य असतो, म्हणून शोध एका पातळीपुरता मर्यादित ठेवणे बरे.

नावांची यादी एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे द्यायची तर नव्या ओळीवर विसंबता येत नाही. मार्गात कधीच येऊ न शकणारा एकच बाइट आहे, तो शून्याचा. म्हणून नावांमध्ये शून्य बाइट घालणारा ‘फाइंड’चा ‘-प्रिंट०’, आणि अशी यादी दुसऱ्या कमांडला देणाऱ्या ‘एक्सआर्ग्स’चा ‘-०’. अनेक वर्षे प्रचारात असलेले हे पर्याय पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात आले ते थेट २०२४ च्या आवृत्तीत.

त्या स्क्रिप्टमध्ये आता नावे ‘./*’ मधून येतात, व्हेरिएबल दुहेरी अवतरणात असते, आणि काढण्याआधी प्रत्येक नाव ‘प्रिंटएफ’ या छापणाऱ्या कमांडच्या ‘%क्यू’ने लॉगमध्ये अवतरणांसह उमटते, म्हणजे अदृश्य चिन्हेही दिसतात. वरच्या डिरेक्टरीचा मार्ग ठेवणाऱ्या व्हेरिएबलला महिरपी कंसात ‘:?’ जोडले आहे. तो मार्ग कधी रिकामा राहिला तर अवतरणचिन्हे असूनही पुढचा स्लॅश मुळापासून, म्हणजे सर्वांत वरच्या डिरेक्टरीपासून, सुरू होईल; ‘:?’मुळे स्क्रिप्ट तिथेच थांबते.