मॅग्नम रायफलीसाठी दुर्बीण निवडताना

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस आधी काच बघतो. दुकानाच्या दारात उभा राहतो, पलीकडच्या गाडीची नंबरप्लेट वाचतो आणि खूश होऊन पैसे मोजतो. .२२३ सारख्या मऊ रायफलीसाठी एवढं पुरतं. .३०० विनचेस्टर मॅग्नम, .३०० पीआरसी, .३३८ विनचेस्टर मॅग्नम असल्या, मोठ्या काडतुसाच्या आणि जोरात मागे धक्का मारणाऱ्या रायफलींचं तसं नाही. त्यांच्यासाठी आधी एकच विचारायचं: शंभर गोळ्या झाडल्यावरही नेम होता तिथेच राहील का? काच किती चांगली, हे त्यानंतर.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला धरून आहे, तिकडे राहून रीतसर परवाना काढणाऱ्यांसाठी.

आधी धक्का म्हणजे नेमका किती, ते बघू. .३०० विन मॅग, १८० ग्रेनची (सुमारे ११.७ ग्रॅमची) गोळी, वेग सेकंदाला साधारण २,९६० फूट आणि दुर्बिणीसकट रायफल ३.९ किलोची. गोळी नळीत असते जेमतेम सव्वा-दीड मिलिसेकंद. तेवढ्यात रायफल सेकंदाला सुमारे ३.३ मीटर वेगाने मागे यायला लागलेली असते. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पट. ७०० ग्रॅमची दुर्बीण या वेगात मागे ओढायची तर तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांना त्या क्षणी पावणेदोनशे किलोच्या आसपास जोर लावावा लागतो, आणि ही सरासरी झाली. शिखराचा आकडा याच्याही बराच वर जातो. किलोभराची दुर्बीण घेतलीत की हाच जोर अडीचशे किलो. रायफल हलकी केलीत, तीन किलोची डोंगरी रायफल घेतलीत, तर त्याच काडतुसाला तो आणखी वाढतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: मॅग्नमवर दुर्बिणीचं वजन हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि नेमका तोच सगळ्यात कमी पाहिला जातो. साडेपाचशे ते साडेसातशे ग्रॅममध्ये मजबूत दुर्बिणी मिळतात. ल्यूपोल्ड मार्क ५एचडीचं ३.६-१८×४४ (म्हणजे मोठेपणा ३.६ ते १८ पट, पुढचं भिंग ४४ मिलिमीटर) हे मॉडेल सुमारे ७४० ग्रॅमचं आहे. त्याच मालिकेतलं ५-२५×५६ साधारण ८५० ग्रॅमचं. दोन्हींची नळी ३५ मिलिमीटरची आहे, त्यामुळे घरातल्या ३० मिलिमीटरच्या रिंगा त्यांना चालणार नाहीत. ते खरेदीच्या आधीच लक्षात घ्या.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा वायू वळवणारा तुकडा, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्रेक लावला की खांद्याला धक्का खूप कमी लागतो, म्हणून स्वस्त दुर्बीणही टिकेल असं लोक धरून चालतात. पण ब्रेक काम करतो तो गोळी बाहेर पडल्यानंतर येणाऱ्या वायूवर. गोळी नळीत असतानाचा पहिला झटका जसाच्या तसा राहतो, आणि त्यापाठोपाठ ब्रेक रायफलीला उलट पुढे खेचतो. खांदा सुखावतो. दुर्बिणीला मात्र दोन्ही दिशांनी हिसके बसतात.

आत नेमकं काय बिघडतं? दुर्बिणीच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिच्या एका बाजूला वरचा आणि कडेचा नॉब टेकलेला असतो, समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. नॉब फिरवला की ही आतली नळी हलते आणि नेम सरकतो. स्प्रिंग कमजोर असेल तर झटक्यात नळी नॉबपासून क्षणभर सुटते आणि परत येताना जराशी वेगळी बसते. लक्षणं ठरलेली आहेत. नॉब चार क्लिक (टिकटिक वाजणारे टप्पे) फिरवूनही पहिल्या गोळीला काही फरक दिसत नाही, दुसऱ्या गोळीला नेम एकदम उडी मारतो. किंवा निशाण्यावर गोळ्यांच्या भोकांचे एकाऐवजी दोन वेगळे झुबके पडतात. काडतूस बदलण्याआधी, रायफलीच्या नळीला दोष देण्याआधी, खात्रीची दुसरी दुर्बीण लावून बघा.

आता डोळ्याचं अंतर. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला की पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. मॅग्नमसाठी ९० मिलिमीटरच्या खाली जाऊच नका. ९५ ते १०० असेल तर उत्तम. बऱ्याच दुर्बिणींत मोठेपणा वाढवला की हे अंतर कमी होतं, त्यामुळे छापलेल्या दोन आकड्यांपैकी लहान आकडा धरायचा. बसवताना शिकारीचं जाड जाकीट घालूनच रायफल खांद्याला लावा, डोळे मिटून गाल दस्त्यावर ठेवा, मग डोळे उघडा. चित्र भरून दिसलं पाहिजे, मान पुढेमागे करावी लागता कामा नये. हेच पालथं झोपून करा आणि चढावर वरच्या दिशेने नेम धरूनही करा. या दोन स्थितींत डोकं आपोआप पुढे येतं, आणि भुवईवर अर्धगोल जखम होते ती याच वेळी.

मोठेपणाच्या बाबतीत हात आखडता घ्या. सहाशे यार्डांवरच्या एल्कला १५ पट भरपूर झाली. त्यापुढे दुपारच्या उन्हात हवेची थरथरच मोठी होऊन दिसते. शिवाय दृश्य इतकं अरुंद होतं की झटक्यानंतर जनावर सापडत नाही. गोळी लागली का आणि कळप कुठे वळला, हे दिसणं शिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यासाठी मोठेपणा कमीच हवा. खालचा आकडा ३ किंवा ४ असू द्या, कारण दाट झाडीत एल्क चाळीस यार्डांवरही उभा राहतो. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. त्या अंधुक उजेडात ४४ मिलिमीटरचं पुढचं भिंग १० पटींवर ४.४ मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्याला देतं, आणि तेवढा पुरतो. ५६ मिलिमीटरच्या भिंगाने वजन वाढतं, रिंगा उंच लागतात, गाल दस्त्यावरून सुटतो.

फुली, म्हणजे नेमाच्या रेघा, पहिल्या फोकल प्लेनमधली (मोठेपणा बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे बसवलेली) असेल तर कुठल्याही मोठेपणावर तिची मापं खरी ठरतात, पण कमी मोठेपणावर ती केसासारखी बारीक होते. प्रकाशित फुली त्यावर उपाय. दुसऱ्या प्लेनमधली (त्या भिंगांच्या मागची) फुली झाडीत ठसठशीत दिसते. मापं मात्र एका ठरावीक मोठेपणावरच लागू होतात, बहुतेक वेळा सर्वात वरच्या. लांबवर गोळी खाली पडते ते वरचा नॉब फिरवूनच भरून काढणार असाल तर दुसऱ्या प्लेनमधली चालेल. वरच्या नॉबला शून्यावर अडणारा थांबा आणि कुलूप हवं. कडेच्या नॉबला टोपी हवी, नाहीतर पिशवीला घासून तो आपोआप फिरतो.

२० एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) उतार असलेली रेल, म्हणजे रिंगा बसवायची पट्टी, सगळ्यांनाच लागते असं नाही. १०० यार्डांवर नेम बरोबर जुळवून तिथे नॉबचं शून्य धरलं तर .३०० विन मॅगला सहाशे यार्डांसाठी साधारण साडेअकरा एमओए लागतात. एकूण ६० एमओए फिरणारी दुर्बीण सपाट रेलवरही वर ३० देते. हजार यार्डांचा सराव करायचा असेल तर उताराची रेल घ्या.

बसवण्यात केलेली कसूर दुर्बिणीच्या नावावर जाते, म्हणून हे सावकाश करा. रेल आणि स्क्रू अॅसिटोनने पुसून तेलाचा अंश घालवा. रेलच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना लावू नका, कारण ओला आटा त्याच टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) जास्त आवळला जातो आणि दुर्बिणीची नळी चेपते. बारीक ६-४८ ऐवजी ८-४० चे स्क्रू असलेली रेल मॅग्नमला जास्त भरवशाची. रिंग रेलच्या खाचेत ठेवली की आधी ती रायफलीच्या नळीच्या तोंडाकडे दाबा, मगच नट आवळा. रायफल मागे जाते, दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे रेलच्या मानाने ती पुढे सरकते. मागे बसलेली रिंग पहिल्या काही गोळ्यांत पुढे सरकून नेम बिघडवते. वरच्या स्क्रूंना बऱ्याच रिंगांसाठी १५ ते १८ इंच-पौंड टॉर्क सांगितलेला असतो. रिंगेच्या कागदावरचा आकडा पाळा, टॉर्क रेंच वापरा, आणि आळीपाळीने फुलीच्या क्रमाने थोडं थोडं आवळा.

मग पेंट पेनने दुर्बिणीची नळी आणि पुढची रिंग यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओढा. वीस गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर दुर्बीण सरकली.

शेवटी उंच कागदाची परीक्षा. १०० यार्डांवर ओळंब्याने उभी रेघ काढा, खाली नेम धरून तीन गोळ्या झाडा. वरचा नॉब १० मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) फिरवा आणि त्याच बिंदूवर नेम धरून आणखी तीन. दोन झुबक्यांत बरोबर ३६ इंच हवेत. ३५.३ आले तर दोन टक्क्यांची तूट आहे. ती दर वेळी तेवढीच असेल तर हिशेबात धरता येते. मग नॉब शून्यावर आणून परत तीन गोळ्या. त्या पहिल्या झुबक्यात पडल्या नाहीत आणि रेघही अखंड आहे, तर दोष आतल्या नळीत आहे. ती दुर्बीण हंगामाआधीच परत करा.